घासून टाकलेली जवारी

मागच्या महिन्यात तो गेला, तेव्हा बहुतेक पेपरांत एक वाक्य होतं: दारूमुळे हात थरथरू लागल्याने त्याने ऐन उमेदीत गिटार सोडली. ते वाक्य माझं आहे. फार वर्षांपूर्वी एका वार्ताहराला मीच ते दिलं होतं. ते खोटं आहे.

कसबा पेठेत आमचं सतार-तंबोरे दुरुस्तीचं दुकान. तो गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या अत्तरवाल्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. कुठल्याशा रेकॉर्डवरून त्याला ब्लूजचं, अमेरिकेतल्या त्या दुःखाच्या गाण्यांचं, वेड लागलं. माझ्या वडिलांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "रडायचंच आहे ना, मग नीट रड." सतारीच्या कामातून उरलेल्या शिंगाची पट्टी त्यांनी त्याच्या गिटारीच्या घोडीवर, तारांच्या खाली, बसवली आणि तिला जवारी काढली. तार जिथे टेकते ती जागा कानशीने अशी उतरती घासायची, की तार तिला पुसटशी चाटत राहते आणि सूर झणझणत लांबतो. सतारीला ते हवंच असतं. गिटारीला कुणी करत नाही. त्याच्या हातात तो सूर दुखणेकऱ्यासारखा कण्हायचा. पुढे परदेशातसुद्धा लोक त्याला एका सुरावरून ओळखत.

वडील गेल्यानंतरची गोष्ट. मोठा कार्यक्रम चार दिवसांवर होता. त्याने गिटार माझ्याकडे ठेवली, फक्त तारा बदलायला. मी तेव्हा पुस्तकं वाचून गिटारीची कामं शिकलो होतो, आणि पुस्तकात तारेची झणझण हा दोष होता. पण पुस्तकाच्या आड मी लपणार नाही. प्रत्येक मुलाखतीत तो माझ्या वडिलांच्या हाताबद्दल बोलायचा. एकदा माझ्या हाताबद्दल बोलावं, एवढंच मला हवं होतं. मी पट्टी घासून सपाट केली. अर्ध्या तासाचं काम.

तो आला, उभ्यानेच एक तार छेडली. पुन्हा छेडली.

"काकांची जवारी कुठंय रे?"

"आहे तिथेच आहे," मी म्हणालो. "तुझा हात बदललाय."

त्याने पट्टीकडे पाहायला हवं होतं. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. आमच्या दुकानातला माणूस जवारीबद्दल खोटं बोलेल, हे त्याच्या मनातही आलं नसावं.

कार्यक्रम पडला. त्यानंतर तो बोटं सोलून निघेपर्यंत रियाज करत राहिला. दारू नंतर आली. गिटार पेटीत गेली, आणि लोक कारण विचारू लागले तेव्हा मी ते तयार ठेवलं होतं.

शेवटची काही वर्षं तो विश्रांतवाडीला बहिणीकडे होता. खरं सांगायचं ठरवून मी तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हात टेबलावर अधांतरी धरले आणि म्हणाला, "बघ बरं, आता थरथरत नाहीत ना?" बोटं दगडासारखी स्थिर होती. ती कधीच थरथरली नव्हती. मी नाही म्हणालो, आणि त्याला बरं वाटलं.

तो गेल्यावर मी त्याच्या बहिणीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग पेटी उघडून गिटार माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला कशाला सांगताय? पेपरवाल्यांना सांगायला वेळ होता ना तुम्हाला?"

गिटार मी घरी आणली आहे. नवी पट्टी घेऊन आठवडाभर बसलो. वडिलांचा उतार मला कधीच जमला नव्हता, आणि आता कानस धरली की माझाच हात हलतो. निघतो तो सूर स्वच्छ असतो. ऐकवत नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. त्याचा हात शेवटपर्यंत चांगला होता.