गंगारामच्या जीपची डावी पायरी

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गंगाराम पाष्टे आपल्या जीपखाली उताणा पडून मागच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्याचा, म्हणजे डिफरन्शियलचा, बोल्ट सोडत होता. बोल्ट सुटला. आधी पाणी आलं. मग तेल आलं, तेही दूध घातलेल्या चहासारखं. पाण्याचं बोट त्याने जिभेला लावलं आणि थुंकला. खारट.

"बाणकोटला गेला होतास?" त्याने खालूनच विचारलं.

जीपशेजारचे पांढरे बूट जागचे हलले नाहीत. "पुळणीवर, दादा. थोडं पाण्यात. व्हिडिओपुरतं."

बूट निलेशचे होते. निलेश हा गंगारामचा चुलतभाऊ, वय चौतीस, मुंबईत एका जिमचा मॅनेजर. आठवड्याच्या सुट्टीवर आला होता. गंगाराम शुक्रवारी संध्याकाळी मुलीकडे लोट्याला गेला आणि सोमवारी दुपारी परतला, तर अंगणातली जीप वीतभर उंच झालेली. मोठे टायर, स्प्रिंगांना गाडी उचलणारे लांब शॅकल, टपावर लाइटची पट्टी. दोन मित्रांना घेऊन निलेशने शनिवारी हे सगळं बसवलं आणि रविवारी गाडी समुद्रात घातली.

विचारायचा प्रश्नच आला नव्हता. जीपची किल्ली गंगारामच्या पडवीतल्या खिळ्याला असते आणि ती कुणीही घ्यावी, असा वाडीचा शिरस्ता आहे. मंडणगड तालुक्यातल्या या वाडीपासून डांबरी रस्ता अडीच किलोमीटर खाली. मधला चढ जांभ्याचा, दोन ठिकाणी वहाळ, पावसाळ्यात भरून वाहणारे. चारही चाकं ओढणारी गाडी एवढी एकच, शहाण्णव सालची.

गॅरेज लांब, म्हणून गंगाराम सगळं हातानेच करत आला. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की वरच्या भोकातून पाणी आत ओढतो. ते होऊ नये म्हणून त्याने आंब्याच्या फवारणी पंपाची नळी त्या भोकाला जोडून पार सीटमागे उंच नेली होती. नऊ पावसाळे वहाळातून जाऊन तेलात थेंब गेला नव्हता. निलेशने गाडी उचलली, अ‍ॅक्सल खाली गेला, नळी ताणली आणि निसटली. तिचं टोक आता हवेत लोंबत होतं.

"ही नळी दिसली नाय तुला?"

"दिसली. मला वाटलं, असंच काहीतरी जुगाड असेल."

"असंच! माझ्या गाडीत असंच काय नसतं, निलेश."

गंगाराम बाहेर आला, हात पुसत डाव्या बाजूला गेला आणि थांबला. दाराखाली पत्र्यावर दोन कापलेले व्रण होते, खाऱ्या पाण्याने एका दिवसात तांबडे झालेले.

"पायरी कुठाय?"

"नव्या टायरला घासत होती. दिसायलाही जुनाट होती ती. ग्राइंडरने कापली."

"आणि सीटमागचा दांडा?"

"तिथून लाइटचा पाइप घेतलाय ना."

गंगारामने पाना असा फेकला की तो चिऱ्याच्या गडग्यावर आपटून परत अंगणात आला.

"काकी कशी चढणार?"

काकी म्हणजे कमळा, निलेशची आई. दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं दापोलीला डायलिसिस असतं. गंगाराम नेतो आणि आणतो.

"आई ना? चढेल की. पुढचा दांडा आहे धरायला."

"धरून दाखव. काकीसारखा चढ."

निलेश दाराशी उभा राहिला, पाय उचलला आणि पुढचा दांडा धरला. डाव्या हाताने. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. कमळाच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडून केलेला फिस्टुला होता, सुया तिथेच टोचतात. त्या हातावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणूनच गंगारामने सीटमागे उजव्या हाताला येईल असा दांडा आणि गुडघ्याच्या खाली येईल अशी पायरी वेल्ड केली होती.

"मला माहीत नव्हतं," निलेश म्हणाला.

"रोज फोनवर विचारतोस, आई, जेवलीस काय. एकदा तरी विचारलंस, आई, गाडीत चढतेस कशी?"

आवाज ऐकून कमळा पडवीत आली. "गंग्या, हळू बोल रे, कोंबड्या पळाल्या." मग जीपकडे मान वर करून बघत लेकाला म्हणाली, "माझ्यासाठी क्रेन पण आणलीस, की शिडी लावू?"

निलेशने हसायचा प्रयत्न केला. गंगाराम हसला नाही. पायरी नारळाच्या सोडणांच्या ढिगात सापडली, दांडा न्हाणीमागे. शॅकल उतरले, जुने चढले, जुनी चाकं लागली. गोळा डिझेलने दोनदा धुऊन नवं तेल भरलं, नळी परत जागेवर बसली. वेल्डिंग करताना पायरी निलेशने धरली. ठिणगी मनगटावर पडली तेव्हा तो ओरडला.

"हलू नको," गंगाराम म्हणाला. तेवढंच.

"लाइट तरी राहू दे, दादा."

"कशाला? समोरून येणाऱ्या एसटीवाल्याला आंधळा करायला?"

दिवेलागणीला कमळाने उजव्या हाताने दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, सीटवर बसली आणि उतरली. "पयल्यापेक्षा बोटभर वर झाली," ती म्हणाली. गंगारामने पायरी तोडली आणि बोटभर खाली परत जोडली. निलेशने न सांगता धरली.

"किल्ली यापुढे तुझ्याजवळच ठेव," हात धुताना निलेश म्हणाला.

"ठेवतो. म्हणजे कुणाला फुरसं चावलं की आधी मला शोधत फिरायचं. तुझ्या एकट्यासाठी वाडीची किल्ली काढू?"

त्याने किल्ली खिळ्याला लावली आणि निलेशकडे न बघता आत गेला.

उद्या मंगळवार. जीप साडेसहाला सुटते. कमळाला दापोलीत नऊला मशीनवर घेतात.