त्या दुनियेतली ती पोरगी

आमचे हे लोहाऱ्याच्या स्टँडवरून काळी-पिवळी जीप चालवतात. सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि तोवर ह्यांच्या हातात मोबाइल. त्यात ह्यांना एक इसम सापडला. म्हणे शेजारच्या दुनियेतून आलेला, तोही पुढच्या काळातून! झालं, आता ह्यांनाही त्या दुनियेत, मागच्या काळात जायचं होतं.

मी शाळेत गणित शिकवते. असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

"अहो, त्यानं सांगितलेलं इथं घडलं नाही, तर तो म्हणणार माझ्या दुनियेत घडलंय. मग त्याला खोटं पाडायचं कसं?"

"खोटा पडतच न्हाय म्हंजे खराच की!"

मी कपाळाला हात लावला. "बरं, तुम्ही गेलात तिथं मागच्या काळात. तिथं तुम्ही आधीच आहात. ड्रायव्हरच्या सीटवर दोघं बसणार का?"

"आमच्यात बसतात की दोघं."

आता ह्या माणसाला काय बोलावं? पण तिथं जायचंय कशाला, ते काही सांगेनात. माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्यांना दुसराच संसार तर नको होता ना? शेवटी विचारलंच.

भाकरी मोडता मोडता हे हळूच म्हणाले, "तुला बघायला आलतो त्या दिवशी जायचंय. माझ्या आत्यानं तुला चालून दाखवायला लावलं अन् म्या खाली मान घालून पोहे खात बसलो. आत्याला नको म्हणायचं व्हतं."

दारापासून खिडकीपर्यंतचं ते चालणं मी विसरलेले नाही. शरमेनं पाय उचलत नव्हते. मला भरून आलं, पण जीभ गणिताचीच. "तिथं जाऊन नको म्हणालात तर तिथली पोरगी सुटेल. मी चालले ते चाललेच."

ह्यांनी मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. वाद जिंकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आमच्या लेकीला बघायला पाहुणे आले. चहा झाल्यावर मुलाची मावशी म्हणाली, "पोरीला जरा चालून दाखवा म्हणा."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत हे उठले. पायजमा सावरत दारापासून खिडकीपर्यंत गेले, वळले, परत आले.

"चाल माझ्यावरच गेलीय तिची. नीट दिसली नसंल तर आणखी एकदा चालतो."

आधी मुलगा हसला, मग सगळेच. मावशी "बसा, बसा" म्हणत राहिली.

रिकाम्या बश्या घेऊन हे आत आले. कान लालभडक झाले होते.

"जमलं का गं?"

"लई उशीर केलात," मी पदरानं डोळे पुसत म्हटलं. "पण जमलं."