वेगळा पडदा

माझी आत्या छापखान्यासाठी प्रूफं तपासायची. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. बाबा तिच्याहून लहान. त्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, चार माणसं त्यांच्या हाताखाली होती, पण आत्या त्यांना अजून ‘छोट्या’ म्हणते आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस निमूट ‘ओ’ देतो. आई गेल्यावर ही दोघं भावंडं एकत्र राहायला लागली. दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. सुट्टी मिळाली की जाते.

आत्याचं काम आधी कागदावर चालायचं, मग कॉम्प्युटरवर आलं. तिने कुरकुर केली नाही. खिडकीखाली टेबल, टेबलाखाली तो भला मोठा जुना खोका, आणि त्याची घरघर. बाबा त्याला गिरणी म्हणायचे. आत्या त्या गिरणीपुढे ताठ बसायची आणि ओळीमागून ओळ बघत जायची. वेलांटी चुकलेली दिसली की घास घेताना दाताखाली खडा यावा तसा तिचा चेहरा व्हायचा. घरी आलेल्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा ती आधी तपासायची आणि मग अभिनंदन करायची.

मी घरी असतानाच एकदा गिरणी कण्हली आणि कायमची गप्प झाली. बाबांनी ती उघडून पाहिली, फुंकर मारली, पुन्हा बंद केली.

“गेली,” ते म्हणाले.

छापखान्यातून फोन यायला लागले होते. आम्ही तिघं दुकानात गेलो.

दुकानदार बोलका होता. “या काकू,” म्हणाला.

“मी कुणाची काकू नाही. ताई म्हणा,” आत्या म्हणाली.

“बरं, ताई.” त्याने दोन यंत्रं दाखवली. एक ऑल-इन-वन. नुसता पडदाच दिसत होता, बाकी सगळं त्याच्याच पाठीत. प्लग लावला की झालं, टेबलावर दुसरी वायर नाही. दुसरा छोटा डेस्कटॉप. जेवणाच्या डब्याएवढा चौकोनी ठोकळा, त्याला पडदा, कीबोर्ड, स्पीकर सगळं वेगळं घ्यायचं. “तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतील,” तो म्हणाला. “फरक म्हटलं तर एवढाच.”

बाबांनी ऑल-इन-वनच्या मागून हात फिरवला. “ह्याचा पडदा गेला तर?”

“अख्खाच उचलून आणायचा, काका.”

“म्हणजे दिवा गेला म्हणून लिफ्ट बदलायची.”

“छोट्या,” आत्या म्हणाली, “तुला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची असते. मला ती वापरायची आहे. मला हा पाहिजे.”

“आधी बसून तर बघा,” दुकानदार म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि पडद्यावर त्या यंत्राच्या हमीचं पान उघडलं. अक्षर बारीक होतं. आत्या बसली, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला लागली. ती नेहमीच अशी वाचायची, अडखळायची नाही. “...एका वर्षानंतर पडदा बदलून मिळेल,” तिने वाचलं आणि बाबांकडे वळून म्हणाली, “बघ. मिळतो की.”

मी तिच्या मागेच उभी होते. पडद्यावर ‘बदलून मिळणार नाही’ असं होतं. मी बाबांकडे पाहिलं. तेही त्याच ओळीकडे बघत होते. दुकानदार काहीतरी बोलणार होता, बाबांनी त्याच्या हाताला हात लावला.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर बाबांनी चहा केला, तिच्यापुढे कप ठेवला.

“ताई, मघाशी काय वाचलंस गं?”

“का? परीक्षा घेतोयस?”

“तिथे ‘मिळणार नाही’ होतं.”

आत्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला. “अक्षर फार बारीक होतं,” ती म्हणाली. मग उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या घरात दार लावून घ्यायची पद्धत नव्हती. बाबा ओट्यापाशी उभे राहून धुतलेलेच कप परत धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात आली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डावा डोळा वर्षभरापूर्वीच कामातून गेला होता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आता उजव्यातही सुरू झालं होतं. सरळ ओळ मधेच वाकायची. ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जायचं, शेजारची तेवढी दिसायची. इंजेक्शनं चालू होती, ती एकटीच रिक्षाने जाऊन घेऊन यायची. घरी सांगायची, छापखान्यात गेले होते.

“मग कामं कशी केलीस?” मी विचारलं.

“अंदाजाने. पुढचा शब्द काय असणार हे मला कळतं गं. इतकी वर्षं तेच केलं.” ती थांबली. “पण प्रूफ तपासणाऱ्याने अंदाज करायचा नसतो. अंदाज केला की चूक दिसतच नाही.”

“आम्हाला का नाही सांगितलंस?” बाबांचा आवाज चढला होता. “मी काय मेलो होतो?”

“सांगितलं असतं तर तू काम बंद करायला लावलं असतंस. मग सकाळी उठून मी करू काय?”

नळाखालची बादली भरून वाहायला लागली, कुणी नळ बंद केला नाही.

मग आत्याच म्हणाली, “ते दुकानातलं ऑल-इन-वन बघून वाटलं, असं टेबल धडधाकट माणसाचं असतं. मोठा वेगळा पडदा, तो डोळ्यापाशी ओढायचा, वीतवीत अक्षरं. मला माहीत आहे, मला तेच लागणार आहे. पण ती आजाऱ्याची खोली झाली.”

“ताई, ऐक,” बाबा खुर्ची ओढून बसले. “डोळा कुठवर जाईल ते डॉक्टरला सांगता येत नाही, तर आपल्याला काय सांगता येणार? डोळ्याचा पडदा काही बदलता येत नाही. निदान यंत्राचा तरी बदलता येईल असा घेऊ. ह्या वर्षी एक लागेल, पुढच्या वर्षी दुसरा.”

आत्या हो म्हणाली नाही. “आधी मला छापखान्यात जायचंय,” एवढंच म्हणाली. मी तिच्याबरोबर गेले. मालक तिच्याहून बराच तरुण, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून ती काम करत होती. तिने त्याला सरळ सांगितलं, “ह्यापुढे छपाईआधीचं शेवटचं वाचन माझ्याकडे देऊ नका. पहिलं द्या. आणि ह्या वर्षात मी पाहिलेलं जे अजून छापलं नसेल, ते दुसऱ्या कुणाकडून एकदा बघून घ्या.” मालक उठून उभा राहिला. “ताई, पाणी घेता का?” असं म्हणाला.

छोटा डेस्कटॉप आला. बाबांनी ठोकळा टेबलाच्या बाजूला स्क्रूने बसवला आणि मोठ्या पडद्यासाठी लोखंडी दांडी केली. बोटाने ओढला की पडदा पुढे यायचा, ढकलला की मागे जायचा. लिफ्टचं काम केलेला माणूस, दांडीला जरासुद्धा हादरा नव्हता. आत्या त्या पडद्याला नाक लावून वाचायची. बरे दिवस होते ते. तिने पुष्कळ पुस्तकांचं पहिलं वाचन केलं.

पण अक्षरं वाढवत वाढवत एका वेळी तीनच शब्द मावायला लागले, आणि चौथ्यापर्यंत पोचताना ती पहिला विसरायची. मग मी सुट्टीत जाऊन कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. बाईचा आवाज होता, कोरडा. आत्या खाली मान घालून ऐकत होती. मधेच म्हणाली, “थांबव. मागे घे. ‘दिन’ म्हणाली ती. पहिली वेलांटी की दुसरी? दिवस की गरीब?”

मी बघून सांगितलं, “दुसरी.”

“तिला दोन्ही एकच,” आत्या म्हणाली. “मला आता वेलांटी कळणार नाही.”

तिने तोंडावर पदर घेतला. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. मी पाठीवर हात ठेवला तर तिने तो काढला नाही.

ऱ्हस्वदीर्घाचं काम तिथे संपलं. काही महिन्यांनी तिनेच बाबांना सांगितलं, “छोट्या, हा पडदा काढ. नुसता डोळ्यावर उजेड मारतो.” बाबांनी दांडीचे स्क्रू काढले. पडदा हातात घेऊन ते नुसते उभे राहिले, कुठे ठेवावा कळेना. शेवटी तो त्यांच्या खोलीत गेला. त्यावर ते जुनी गाणी बघतात आणि आवाज मोठा ठेवतात, म्हणून आत्याची बोलणी खातात. तिच्या टेबलावर ठोकळा, कीबोर्ड आणि दोन स्पीकर. बोटांना बटणं पाठ आहेत.

छापखान्याचा मालक अधूनमधून एखाद्या नव्या लेखकाचं लिखाण पाठवतो. ती ऐकते आणि फोनवर सांगते, कुठलं वाक्य लंगडतंय, कुठे माणूस कंटाळेल. एका लेखकाला तिने सांगितलं होतं, “तुमच्या पहिल्या पानावर मला झोप लागली, आणि मी दुपारी झोपत नाही.” तो रागावला, मग पान बदलून पाठवलं. पण अशी कामं थोडी. कधी दोन-दोन महिने फोन येत नाही.

गेल्या सुट्टीत मी गेले तर दार उघडंच होतं. आत्या खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती आणि तो कोरडा आवाज चालू होता. मला वाटलं, काम आलंय.

“कुणाचं आहे गं?” मी चप्पल काढता काढता विचारलं.

“कुणाचं नाही. कादंबरी आहे, असंच माझ्यासाठी,” ती म्हणाली आणि हातानेच बाजूची खुर्ची दाखवली. “बस. आत्ताच बाई घर सोडून निघालीये आणि तिला अजून माहीत नाही कुठे जायचंय. मधे बोलू नकोस.”