सात नंबरची सूर्यफुलं

सात नंबरची बस चालवणाऱ्या बाईला सगळा रस्ता घाईताई म्हणायचा, आणि नाव ठेवणाऱ्यानं अगदी नेमकं ठेवलं होतं. चहा ती उभ्यानं प्यायची, वेणी जिना उतरता उतरता घालायची, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "कळलं, कळलं" म्हणून मोकळी व्हायची. पन्नाशी गाठली तरी पायातली भिंगरी थांबली नव्हती. लग्न तेवढं राहून गेलं होतं. "सगळ्या जगाची घाई हिला, ह्या एकाच गोष्टीची कशी नव्हती कोण जाणे," असं तिचा थोरला भाऊ म्हणायचा.

हा भाऊ सुतार. ती त्याला दादा म्हणायची, आणि ऐकून ऐकून गल्लीही दादाच म्हणायला लागली होती. कानावर पेन्सिल खोचून तो फळीकडे अर्धा तास बघत बसे, मग उठून एक रेघ मारे, मग जेवायला जाई. बायको गेल्यापासून तो बहिणीकडेच राहत होता. पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल, मागच्या खोलीत तिचा पलंग, मधे स्वयंपाकघर. दारापासून रस्त्याकडच्या कुंपणापर्यंत सहा पावलांची मोकळी जागा होती, तिथे दादा फळ्यांचे तुकडे रचून ठेवायचा. कुंपणाला खेटून सात नंबर जायची, दिवसातून बारा वेळा.

तिच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रोज सकाळी रोपवाटिकेतल्या एक बाई बसायच्या. वय झालं, आता लेकीकडे राहायला जायचं म्हणून एके दिवशी त्यांचा शेवटचा फेरा होता. उतरताना त्यांनी एक ओलसर गोणपाटाची पिशवी ताईच्या पायाशी ठेवली.

"बारमाही सूर्यफूल आहे. मुळं आहेत. आजच लाव."

"सूर्यफूल एका हंगामाचं असतं ना हो?"

"ते वेगळं. हे थंडीत वरून वाळतं, खालून जिवंत राहतं. दरवर्षी परत येतं. भरपूर ऊन दे, पाणी तुंबू देऊ नको, आणि हे बघ, नीट ऐक..."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"कळलं, कळलं!" ताई म्हणाली आणि दार बंद केलं. आरशात बाई फुटपाथवर हात हलवून अजून काहीतरी सांगत होत्या.

ड्यूटी संपल्यावर तिनं त्याच दुपारी फळ्या बाजूला सारल्या, खड्डा खणला आणि आल्याच्या बोटांसारखी ती वेडीवाकडी मुळं आत ढकलली.

"अगं, माती तरी आधी मोकळी कर," दादा दारातून म्हणाला.

"तू रेघा मारत बस. माझं लावून झालंसुद्धा."

पहिल्या वर्षी एकच काडी वर आली आणि तिला तीन फुलं लागली. ताटाएवढ्या फुलाची वाट बघत असलेल्या ताईचं तोंड एवढंसं झालं. फुलं तळहाताएवढीसुद्धा नव्हती. "हे सूर्यफूल? शर्टाचं बटण आहे हे!" ती म्हणाली. पण थंडीत काडी वाळली आणि थंडी सरल्यावर बघते तर काय, त्याच जागी चौदा कोंब! तिनं दादाला हाताला धरून बाहेर ओढलं. तो वाकला, कोंब मोजले, परत मोजले आणि म्हणाला, "पंधरा."

ते झाड असं वाढलं की बघत राहावं. आधी कुंपण ओलांडलं, मग खिडकीची चौकट, मग ताईच्या हात वर करून उभ्या उंचीलाही मागे टाकलं. शेंड्याला कळ्यांचे घोस आले. "ह्या आठवड्यात," ती रोज म्हणायची. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी असा वारा सुटला की रस्त्यावरच्या पाट्या फडफडायला लागल्या. बस घरासमोरून गेली तेव्हा तिला कडेच्या नजरेला एवढंच दिसलं, की जिथे हिरवी भिंत उभी होती तिथे आता आकाश आहे. थांबता येईना, वळून बघता येईना. पुढचे नऊ थांबे तिनं ओठ दाबून घेतले आणि शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

रडून झाल्यावर तिला आरशातला तो हलणारा हात आठवला. बाईंचं काहीतरी सांगायचं राहिलं होतं! तिनं तिथूनच त्यांना फोन लावला.

"छाटलं होतंस का?" बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"छाटायचं? वाढायला लागलेलं झाड?"

"तेच तर ओरडून सांगत होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी, कमरेएवढं झालं की निम्म्यावर छाट. मग ते उंच व्हायचं सोडून रुंद होतं. आणि शेजारी आधार दे. आणि ताई..."

"हं?" ह्या वेळी तिनं मधे तोंड घातलं नाही. फेऱ्यांच्या कागदाच्या मागे ती भराभर लिहून घेत होती.

"तीन वर्षांनी गड्डा खणून तुकडे कर आणि वाटून टाक. नाहीतर ते तुला घराबाहेर काढेल."

तिसऱ्या वर्षी झाड कमरेला लागलं तशी ती कात्री घेऊन उभी राहिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात उचलेना. दादा बाहेर आला. त्यानं टेप काढली, तिच्या हातातली कात्री काढून घेतली, आणि एकूण एक काडीवर पेन्सिलीनं खूण केली. "छाटायचंच आहे तर एका रेषेत तरी छाट," तो म्हणाला, कात्री परत तिच्या हातात दिली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्याच्यानं बघवलं नसतं.

बसमध्ये हलकल्लोळ माजला. येणाजाणाऱ्यांनी ते झाड केव्हाच आपलं मानलं होतं. "ताई, काय केलंत हे!" "अहो, किती छान आलं होतं!" सर्वांत मोठा आवाज तक्रारकाकांचा. हे निवृत्त कारकून रोज चौथ्या सीटवर बसायचे आणि खिडकी खडखडते, पायरी उंच आहे, ब्रेक कर्कश वाजतो अशा गोष्टींबद्दल महिन्याला एक पत्र डेपोला पाठवायचे. "हा खून आहे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर तोंड फिरवून बसले.

पण पंधरा दिवसांत प्रत्येक थोट्या काडीला चार चार, पाच पाच फांद्या फुटल्या. दादानं उरलेल्या पट्ट्यांची कमरेएवढी चौकट केली, आत झाड उभं केलं आणि जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी सैलसर बांधलं. "आवळू नको, त्याला हलायला जागा लागते," असं आता तो तिला सांगायला लागला होता! मग कळ्या आल्या. मोजायला गेलं तर दादासुद्धा दीडशेनंतर चुकला. बसमध्ये पहिलं फूल कुठल्या दिवशी उमलणार ह्यावर अंदाज सुरू झाले. कुणी मंगळवार म्हणे, कुणी शनिवार. सिग्नलला बस थांबली की मागून आरोळी यायची, "ताई, आज काय परिस्थिती?"

"फुगल्यात! पिवळी कड दिसतेय!"

एका गुरुवारी, भर दुपारच्या फेरीला, बस वळणावरून आली आणि ताईनं ब्रेक दाबला. थांबा पन्नास पावलं पुढे होता. तिनं दारं उघडली.

"उतरा! सगळे उतरा! फुललंय!"

एक नाही, दोन नाही, सगळ्या कुंपणावरून पिवळाधमक झरा खाली सुटला होता. मधमाश्यांचा गुंजारव इंजिनाच्या आवाजाच्या वर ऐकू येत होता. हातातल्या पिशव्या सांभाळत चाळीस माणसं कुंपणापाशी जमली. दारात दादा रंधा हातात घेऊन उभा, ह्या गर्दीचं काय करावं ते न कळून प्रत्येकाला नमस्कार करत होता. दोन मिनिटांनी ताईचं कर्तव्य जागं झालं आणि तिनं सगळ्यांना पुन्हा आत कोंबलं.

सोमवारी डेपो मॅनेजरनी तिला बोलावलं. टेबलावर तक्रारकाकांचं ओळखीचं अक्षर पसरलेलं होतं.

"थांबा नसताना बस थांबवलीत?"

"थांबवली साहेब."

"दोन मिनिटं?"

"दोनच. पुढे भरून काढली."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "ह्या गृहस्थांची तक्रार आहे की दोन मिनिटं अपुरी पडली. गुडघे दुखतात म्हणून ते पायऱ्या उतरेपर्यंत वेळ संपला, आणि त्यांना फक्त लोकांची डोकी दिसली." त्यांनी पत्र घडी करून ठेवलं. "नियम तो नियम. लेखी ताकीद देतोय, सही करा. आणि... ते कुठे मिळतं हो, ते फूल?"

ताकीदपत्र तिनं स्वयंपाकघरात चिकटवलं.

थंडी सरता सरता, कोंब अजून मातीतच असताना, बहीणभावानं गड्डा खणायला घेतला. दोन दिवस कुदळ चालली. मुळं कुंपणाखालून फुटपाथच्या फरशीपर्यंत गेली होती, एक तर दादाच्या फळ्यांमधून डोकं वर काढत होतं. बाई काही गमतीनं बोलल्या नव्हत्या. मधला म्हातारा, लाकडासारखा भाग फेकून दिला, कडेचे रसरशीत तुकडे ठेवले. त्रेसष्ट भरले. दादानं एकेक वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि आठवडाभर उतरताना जो मागेल त्याच्या हातात ताईनं एक पुडकं दिलं. वर तोंडी सूचना. ह्या वेळी पूर्ण वाक्यांत! पहिलं पुडकं तक्रारकाकांना.

मग बसचा दवाखाना झाला. कुणी पांढरी भुकटी पडलेलं पान दाखवायला आणलं. "दाटी झालीय. चार काड्या काढा, वारा खेळू द्या, पाणी सकाळी बुडाशीच घाला." कुणाच्या शेंड्यावर माव्याचे बारीक किडे चढले. "पाण्याचा जोरात फवारा मारा, औषध नको, मधमाश्या येतात." एका शिंपीणबाईचं झाड नुसतंच लांबत होतं, वाकत होतं. "ऊन किती तास?" "ऊन कुठलं, भिंतीच्या मागे आहे." "मग उचला आणि पुढे आणा!" एक जण तर तणतणत आला, की तुमचं सूर्यफूल माझ्या बटाट्यांत शिरलंय. त्याला दादानं मुळं अडवायला जमिनीत उभ्या गाडायच्या चार फळ्या कापून दिल्या.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता सगळा मार्ग पेटला. पण गंमत अशी, की ताईला त्यातलं काहीच धड दिसेना. ड्रायव्हरनं बघायचा तो रस्ता. मागून ओरडा व्हायचा, "डावीकडे ताई, शिंपीणबाईंचं! अगं बाई, केवढं ते!" आणि ती समोर नजर रोवून किंचाळायची, "मला नका ना सांगू! मला सिग्नल बघू द्या!"

शेवटी तिनं चक्क रजा टाकली. पंचवीस वर्षांत रजेच्या दिवशी ती बसच्या वाटेला गेली नव्हती. त्या सकाळी ती आणि दादा इतर चार माणसांसारखे थांब्यावर उभे राहिले, सात नंबर आली, आणि ताई खिडकीपाशी बसली. दुसऱ्या थांब्यापासून जे सुरू झालं ते काय सांगावं! घड्याळजीच्या दुकानाशेजारी एक ठसठशीत झुडूप. शाळेच्या भिंतीला लागून अख्खी रांग. पेट्रोल पंपामागे, जिथे गवतही उगवत नव्हतं, तिथे दोन माणसं उंच, पिवळंजर्द. ताई खिडकीबाहेर अर्धी झुकली होती. "दादा, ते बघ! छाटलंय बघ, बरोबर छाटलंय! आणि हे नाही छाटलं, पडणार हे, चिठ्ठी टाकायला हवी!" दादानं तिचा पदर घट्ट धरून ठेवला होता, आणि बदली ड्रायव्हरला म्हणत होता, "जरा सावकाश घ्या हो, आमची बाई खाली पडेल."

तक्रारकाकांच्या घरापुढे तर त्यांनी खुर्चीच टाकली होती. झुडपाशेजारी छाती काढून बसलेल्या काकांनी बस बघून हात वर केला, आणि ताईनं खिडकीतून इतक्या जोरात हाक मारली की पुढच्या सीटवरचा माणूस दचकून उठून बसला. पिवळ्या पाकळ्यांमधे इवली पाखरं लटकून पिकलेल्या चकत्यांमधलं बी टिपत होती.

शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "ताई, संपला मार्ग."

ताई खिडकीपाशी तशीच बसून होती आणि उठून उभ्या राहिलेल्या दादासाठी शेजारची जागा हातानं झटकत होती.

"उतरतंय कोण?" ती म्हणाली. "आता परतीला दुसरी बाजू बघायचीय."