मशीनपुढचं लाल फडकं

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा माजलगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम जोरात होता. ऊस तोडणारं हार्वेस्टर गावाकडच्या अरुंद रस्त्यावर आलं की समोरच्याला जागाच उरत नाही. म्हणून त्या मशीनच्या पुढे एक माणूस दुचाकीवरून लाल फडकं दाखवत जातो आणि गाड्या थांबवतो.

अशाच एका माणसाची बायको भाकरीचं गाठोडं घेऊन ठाण्यात आली.

"साहेब, फडात भाकर घेऊन गेलते. डायवर म्हणतो, त्ये घरी गेले. घरी कुटं हायेत? फोन बी लागंना."

बेपत्ता झाल्याची नोंद घेतली. बाई थांबली नाही, शोधायला पुन्हा रस्त्याला लागली. तेवढ्यात एका ढाबेवाल्याचा फोन आला. "साहेब, सकाळी मशीन वळणावरून एकटीच आली. पुढं फडकंवाला न्हवता. लई भ्या वाटलं बगा."

उसाच्या फडावर हवालदार ठेवला आणि हार्वेस्टरच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तो पाणी मागायचा आणि पेला तसाच हातात धरून बसायचा. असा माणूस खोटं बोलत असतो, पण त्याहून जास्त घाबरलेला असतो. मी आवाज चढवला नाही. "त्यो घरी गेला," एवढंच त्याचं पालुपद. इतक्यात हवालदाराचा फोन आला. बदली ड्रायव्हर मिळाला होता, मशीन वळणावरच्या उसात घालत होते. "वळणावरच्या उसात मशीन घालतायत? घालू दे," मी ड्रायव्हरसमोरच म्हणालो.

पेला खाली पडला. "थांबवा साहेब! तिथंच हाय त्यो!"

मग त्यानं सगळं सांगितलं. वळणावर कुत्रं आडवं आलं, दुचाकी थबकली, मशीन आवरली नाही. माणूस मेला असं समजून, लोक जिवंत सोडणार नाहीत या धास्तीनं, यानं त्याला दुचाकीसकट उसात ओढलं होतं.

हवालदार आता फोन उचलेना. इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नसणार. जीप काढली, तर पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. भोंगा वाजवून वाजवून थकलो, त्याची गाणी चालूच. मी डोळ्यांसमोर नको ते पाहत होतो.

पोहोचलो तेव्हा मशीन धडधडत जागेवर उभी होती. तिच्या तोंडापुढे ती बाई उभी होती. हातात लाल चिंधी, उसाला अडकलेली तिला सापडली होती.

"ह्ये माज्या लुगड्याचं हाय. म्याच फाडून दिलतं. मशीन हलवू नका."

तिच्या मागे थोड्याच अंतरावर तो सापडला. पाय मोडला होता, श्वास चालू होता. तो वाचला.

माराच्या भीतीनं माणूस समोरच्याचा श्वाससुद्धा तपासत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आता निवृत्त आहे. रस्त्यात हार्वेस्टर दिसलं की आधी फडकंवाला शोधतो. तो नसला तर गाडी बाजूला घेऊन थांबतो. बायको म्हणते, "अहो, गेली ना मशीन, चला आता."

तरी मला जरा वेळ लागतो.