दगडावरची पंगत

ज्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीत चितारी होतो. साता समुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्याकडच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. या दोन गोष्टींचा मेळ मला तेव्हाही नीट लागला नव्हता आणि आता म्हातारपणीही लागत नाही. एवढं खरं, की ज्याच्या हाती पैसा खेळू लागला त्याला दारावर मोर हवा झाला, आणि मोर काढणारा मी होतो.

भिंती रंगवायचं काम नसलं की रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी असत. दर व्यापाऱ्याची आपापली खूण. कुणाचा हत्ती, कुणाचं कमळ. ती खूण पत्र्यात कोरायची, पत्रा गाठीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. जसं कोरलं तसं उठतं. माझ्या सगळ्या विद्येचं सार एवढंच होतं, आणि पुढे त्यानेच माझा घात केला.

मला एक मुलगी होती. सात-आठ वर्षांची, काटकुळी, बोलायला कमी आणि बघायला भारी. ती डावखुरी होती. कोळसा डाव्या हातात, झाडू डाव्या हातात, आणि घासही डाव्याच हातात. आता जेवणात डावा हात म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पुढे दोन-चार वर्षांत स्थळं यायला लागणार, म्हणून बायको जेवायच्या वेळी एका लाल चिंधीने तिचा डावा हात कमरेपाशी बांधून ठेवी.

मी चिडलो की ती म्हणे, "तुमाले काय जाते? उद्या लोकाच्या घरी जाईन हे. तिची सासू ताटावरून उठवून देईन न तिले."

बायको दुष्ट नव्हती. चिंधी बांधताना तिचेच डोळे भरून यायचे, हे मी पाहिलेलं आहे. पण त्या उजव्या हाताने पोरीला वरण-भात काही जमत नसे. निम्मा तोंडात, निम्मा मांडीवर. घरी तिला वेळ मिळे. पंगतीत वाढपी पुढे सरकत, बाकीची लेकरं हसत, आणि ही अर्धपोटी उठून माझ्या मागे येऊन उभी राही. कुठलं आमंत्रण आलं की तिचं आधी पोट दुखे.

पुस्तकाचं खूळ माझ्या डोक्यात तिच्यामुळेच शिरलं. मी अंगणात कोळशाने चित्रं काढायचो आणि ती आजूबाजूची पोरं गोळा करून त्यांना दाखवायची. त्या पोरांनी छापलेलं चित्र पाहिलं होतं ते शाळेत मुंबईहून आलेल्या एका पुस्तकात. त्यात टोपीवाला साहेब होता आणि कुणी न पाहिलेलं एक झाड होतं. आपली विहीर, आपला बैल, आपलं कापसाचं वावर कागदावर छापता येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की आधी राग येतो. त्या रागातच मी ठरवलं, की लेकरांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं, आणि कुणी काढत नसेल तर स्वतः छापून घ्यायचं.

गावातल्या शहाण्यांनी विचारलं, याला मंजुरी कुणाची? मी म्हटलं, माझी.

वर्षभर मी कामातून वेळ चोरून चित्रं काढली. गावाचा एक दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाण्याला गेलेल्या बायका, कापूस वेचणाऱ्या बाया, बाजार, आणि मधोमध आंब्याखालची मोठी पंगत. दर चित्राखाली दोन सोप्या ओळी.

पंगतीचं चित्र काढत होतो तेव्हा मुलगी शेजारी येऊन बसली. "बाबा, मले बी काढा ना याच्यात."

मी काढली. पंगतीच्या टोकाला, पुढे पान, हातात घास. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा माहा हात नोहोय."

मी घास तिच्या उजव्या हातात दिला होता. पुस्तक चारचौघांत जाणार, लोक नावं ठेवणार, असं काहीबाही मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि उठून गेली. तिने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. मी ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती गेली ती गेलीच, आणि माझ्या चित्रांकडे पुन्हा फिरकली नाही.

छापखाना अकोल्याला होता. दगडावरचा छाप, तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांना सगळे चाचा म्हणत. दाढीला शाई लागलेली आणि बोलताना अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदुस्तानी. त्यांच्याकडे भावाचे तक्ते, पावत्या, लग्नाची निमंत्रणं असलं काम असे. अक्षरांची त्यांची रीत ठरलेली होती. कारकून पिवळ्या कागदावर चिकट शाईने लिहायचा, तो कागद दगडावर पालथा दाबायचा, म्हणजे अक्षरं दगडावर उलटी बसत आणि छापताना सुलटी उठत. पण माझ्या बारीक रेघा त्या कागदावरून उतरताना फुटू लागल्या.

चाचा म्हणाले, "छोडो भाऊ, तुमी सीधं पत्थरावरच काढा."

मला हे फारच पसंत पडलं. महिनाभर अकोल्यात राहून मी एकेक चित्र दगडावर उतरवलं, हुबेहूब, जसं माझ्या कागदावर होतं तसंच. चाचा पाठीमागे उभे राहून "वा" म्हणत. जन्मभर पत्र्यातून खुणा उठवणारा मी आणि जन्मभर अक्षरंच छापणारे ते. जसं कोरलं तसं उठतं, असं मला वाटत होतं. आणि अक्षरं पालथी घालणाऱ्या त्यांच्या मनात चित्राचं काय होईल हा विचारच आला नाही. पहिला नमुना निघाला तो बैलगाडीचा. गाडी या बाजूला गेली काय आणि त्या बाजूला गेली काय, गाडीच ती. आम्ही दोघांनी रेघ पाहिली, शाई पाहिली आणि एकमेकांना मिठी मारली. पुढची पानंही आम्ही नुसती रेघ आणि शाई बघूनच छापून काढली.

पुस्तकं घेऊन मी रिकाम्या परतणाऱ्या कापसाच्या गाडीत बसून अमरावतीला आलो. रस्ताभर गाडीवानाला इतकं बोलून पिडलं, की शेवटी तो आपण होऊन गाणं म्हणू लागला.

पुस्तकांना गिऱ्हाईक ठरलेलं होतं. ज्यांच्या दिवाणखान्यात मी मोर काढले त्या सेठजींच्या नातीचं लग्न होतं. पंगतीला येणाऱ्या दर लेकराला एक पुस्तक द्यायचं, असं त्यांनी कबूल केलं होतं. अट एकच, मागच्या पानावर त्यांच्या गाठींची खूण हवी, समोरासमोर उभे दोन मोर. या एका शब्दावर मी कागद आणला होता, आणि बायकोने तिच्या पाटल्या मोडायला दिल्या होत्या. पुस्तकं खपली नाहीत, तर पुस्तकं काढायचं हे खूळ तिथेच संपणार होतं.

घरी गठ्ठा बायकोनेच सोडला. तिला अक्षर येत नव्हतं, पण जेवणाऱ्याच्या हाताकडे पाहायची तिला रोजची सवय होती. पंगतीच्या पानावर ती थबकली.

"मायबाई! हे सारे डाव्या हातानं जेवून राहिले!"

मी झडप घालून पुस्तक घेतलं. खरंच होतं. अख्खी पंगत डाव्या हाताने जेवत होती. वाढपी डाव्या हाताने वाढत होता. पाणी भरणाऱ्या बायकांचा पदर भलत्याच खांद्यावर, बाजारातला वाणी डाव्या हाताने तराजू धरून. फक्त खालच्या ओळी सरळ होत्या, आणि शेवटच्या पानावरचे दोन मोर. ते समोरासमोर असल्यामुळे त्यांना उलटं-सुलटं काही नव्हतंच. मी कपाळाला हात लावून खाली बसलो. दगडावर हुबेहूब काढलेलं कागदावर उलटं उठणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

तेवढ्यात मुलगी आली. तिने पुस्तक ओढून घेतलं, पंगतीच्या टोकाला स्वतःला शोधलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

"बाबा, तुमी आयकलं माहं!"

मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे बी सारे माह्यासारखेच हायेत?"

ही चूक आहे, असं म्हणायला माझं तोंड उघडेना. बायको चुलीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी पुस्तक चाळलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "चितारीबुवा, माह्या नातीच्या लग्नात मी लोकायच्या लेकरायले डाव्या हातानं जेवाले शिकवू काय?" दिवाणखान्यातले सगळे हसले. संध्याकाळपर्यंत बाजारभर 'डावऱ्यांचं गाव' असं पुस्तकाचं बारसं झालं. पण सेठजी माणूस दिलदार होते. म्हणाले, "कागद मी देतो. हात सुधरवून आना, सारे घेतो. लग्नाच्या आधी पायजे."

मी परत अकोल्याला गेलो. चाचा मला पाहून उठून उभे राहिले. उरलेल्या पानांवरून त्यांनाही तोवर कळलं होतं. "अपन दोनों की अकल घास चरने गई थी," म्हणाले, आणि दुसऱ्या छपाईची मजुरी घेणार नाही, असं त्यांनी मी काही बोलण्याआधीच सांगून टाकलं. जुने दगड घासून कोरे झाले होते, म्हणजे सगळं पहिल्यापासून आलं. या वेळी येताना मी बायकोचा आरसा आणला होता. कागदावरचं चित्र आरशासमोर ठेवायचं आणि आरशात दिसेल तसं दगडावर उतरवायचं, म्हणजे छापताना ते सुलट येतं. अशा रीतीने मी पाण्याच्या बायका सुधारल्या, वाणी सुधारला, आणि पंगतीत एकेकाचा घास उजव्या हातात आणत टोकापर्यंत पोचलो.

टोकाला ती होती. आरशात ती डाव्या हाताने जेवत होती, म्हणजे छापल्यावर उजव्या हाताने जेवणार. एकदा कागदावर मी तिचा हात बदलला होता, तो दगडाने परत दिला, आणि आता मी तो पुन्हा काढून घ्यायला बसलो होतो. तिचं ते "तुमी आयकलं माहं" माझ्या कानातून जाईना. सेठजी पुस्तकं परत करतील याची मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. बायकोच्या रिकाम्या मनगटांचीही आठवण येत होती.

शेवटी तिच्यापुरता मी आरसा पालथा घातला आणि कागदावर होती तशीच तिला दगडावर काढली, म्हणजे छापल्यावर घास तिच्या डाव्याच हातात येणार.

चाचांनी वाकून पाहिलं. "ये एक रह गई, भाऊ."

"तिला तशीच राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाईचा रूळ उचलला.

सेठजींनी नवं पुस्तक अंगठ्याने पान पान उलटून तपासलं. पंगतीपाशी त्यांचा अंगठा सरकत सरकत टोकाला जाऊन थांबला.

"हे पोट्टी चुकली न."

"चुकली नाही, सेठजी. ती माझी मुलगी आहे. ती तशीच जेवते."

त्यांनी पुन्हा चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. मला वाटलं आता पुस्तक अंगावर येतं. ते म्हणाले, "मंग तिले घेऊन या लग्नाले. लेकरं पुस्तक पाहून इचारतीन, हे कोन हाये म्हनून. मी काय सांगू त्यायले?"

लग्नाच्या दिवशी मुलीचं पोट दुखलं नाही, पण ती आईच्या हाताकडे टक लावून होती. बायकोने तिला नवं परकर-पोलकं घातलं, वेणी घातली, आणि खुंटीवरची लाल चिंधी काढली. मी बोलायला तोंड उघडलं. बायकोने ती चिंधी वेणीच्या टोकाला बांधली, छानसं फूल केलं आणि म्हणाली, "चाल, उशीर होऊन राहिला."

आमची पंगत मागच्या अंगणात होती. लेकरांना पुस्तकं आधीच वाटली होती, त्यामुळे निम्म्यांची बोटं चित्रावर आणि निम्म्यांची पानावर. माझ्या मुलीने डाव्या हाताने पहिला घास घेतला. शेजारच्या पोराने तिच्याकडे पाहिलं, मांडीवरचं पुस्तक उघडलं, टोकावरच्या मुलीकडे पाहिलं, आणि पलीकडच्याला ओरडून सांगितलं, "अरे, हेच हाये ते! पुस्तकातली!" एक-दोन बाया कुजबुजल्या. बायकोने ऐकलं, पण मान खाली घातली नाही; पोरीच्या पाठीमागे ती ताठ उभी राहिली.

वाढपी आला तेव्हा मुलीने पान पुढे सरकवून आणखी भात मागितला. मग वरण मागितलं, मग बुंदी मागितली, आणि त्या दिवशी माझी लेक पंगतीतून पहिल्यांदा भरल्या पोटी उठली.