शोभाच्या नावापुढचा शेरा

परिपाठ चालू असताना अड्याळहून फोन आला. शोभाच्या नवऱ्याचा, सुधाकरभाऊजींचा. "वंदाताई, शोभा गेली..." एवढंच बोलले, मग पलीकडं कुणीतरी फोन घेतला. मी पोरांना खाली बसवलं आणि स्वतः उभीच राहिले. ती आजारी होती, नागपूरला उपचार चालू होते, सगळं माहीत होतं. तरी मन मानलं नाही. महिना उलटला, आजही मानत नाही.

डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. पुढं मी कोंढ्याकडं नोकरीला लागले, ती अड्याळजवळच्या लहानशा गावात. पहिली-दुसरीचे वर्ग तिच्याकडं. भारी हट्टी बाई! रोवणा लागला, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली, की आमच्याकडं हे वर्ग ओस पडतात. आया बांधीत, धानाच्या चिखलात, उतरतात आणि पोट्टे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून धाकट्यांना सांभाळतात. बहुतेक शाळा रोवणा संपायची वाट बघतात. ही हेडमास्तरांना सांगून, फळा डोक्यावर घेऊन थेट धुऱ्यावर जायची. चिखलात वाकलेल्या बायासुद्धा वर न बघता पोरांसोबत पाढे म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "काहून एवढी मरमर करून राहिली? पगार तं तेवढाच भेटते ना?" माझ्यावरच उखडली. "मंग का रिकाम्या खोलीले शिकवू?"

मग ते ई-पोर्टफोलिओचं आलं. शिक्षकांनी वर्षभराच्या कामाचे फोटो, व्हिडिओ, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी पोर्टलवर चढवायच्या आणि दुसरीकडच्या कुणीतरी त्या तपासून गुण द्यायचे. बहुतेकांनी सजवलेल्या भिंती आणि नव्या साडीतले फोटो टाकले. मीही टाकले. शोभानं मोठ्या हौसेनं सगळे फोटो धुऱ्यावरचे टाकले. फोटोसोबत लोकेशन जातं, हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, बरंच झालं, बांधीत शाळा भरते हे साहेबांना कळेल. निकाल आला. गुण तर गेलेच, वर शेरा: "अध्यापनाच्या वेळेत शिक्षिका शाळेत गैरहजर." अरे, फोटोत पोरं दिसतात, पाट्यांवरची अक्षरं दिसतात, आणि तपासणाऱ्यानं बघितलं काय, तर नकाशावरचा ठिपका! असा संताप आला मला... अजूनही येतो.

हेडमास्तरांनी पत्र दिलं, तिनं फेरतपासणी मागितली. उत्तर नाही. त्यातच पोटाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी नको तेच नाव घेतलं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा नुसती हाडं उरली होती. वाटलं, घरच्या गोष्टी करेल, लेकीबद्दल बोलेल. तिनं माझा हात धरला. "वंदे, पोर्टलवर काही आलं का वं? मी मेली तं मरू दे... पण गैरहजर नाही राह्यली मी कधी. तेवढं काढ्याले सांग."

"निघते तो शेरा, निघते. तू आधी बरी हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेरवी झाल्यावर मी शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं संगणकावर तिचं नाव टाकून बघितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, मयत कर्मचाऱ्याचं खातं बंद होते. आता गुण बी बदलत नाही अन् शेरा बी निघत नाही." म्हणजे जन्मभर पोरांमागं धावलेल्या बाईच्या नावापुढं तेच राहणार.

हे सांगायला गेल्या रविवारी अड्याळला गेले. भाऊजींनी चहा ठेवला. शोभाचा मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. कोण वापरतं, म्हणून विचारलं. "कोणीच नाही. पण रोज लावतो," ते म्हणाले. "समदे फोटो त्याच्यातच हायेत ना. साहेबायनं मागतले तं?" मी त्यांना सगळं नीट सांगितलं. खातं बंद झालं, आता कुणी काही मागणार नाही. त्यांनी मान हलवली, पिन काढली आणि फोन बाजूला ठेवला. चपला घालताना मी मागं वळून पाहिलं. त्यांनी पिन परत लावली होती.